अक्का, तुझ्या फोटोला त्यांनी हार घातला

अक्का,

परवा तुझी शोकसभा झाली. नोटीस निघाली होती, खाली हजेरीच्या सह्या होत्या, म्हणून गेलो. वरच्या मजल्यावरच्या एसी हॉलमध्ये तुझा फोटो मांडला होता. मोगऱ्याचा हार, समई, उदबत्ती, सगळं होतं. फोटो तपासणी पथक आलं होतं त्या दिवसाचा. पथकाचे साहेब आणि आपले व्यवस्थापक यांच्या मधोमध तू उभी होतीस. त्या दोघांना कापून तुला तेवढी मोठी केली होती. तुझ्या खांद्याशी कुणाच्या तरी कोटाची बाही मात्र राहून गेली होती. सगळी सभा मी त्या बाहीकडे बघत बसलो.

व्यवस्थापक बोलायला उठले. रुग्णसुरक्षा हा सिस्टरांचा श्वास होता, म्हणाले. एकदा तुला विमलताई म्हणाले आणि एकदा कमलताई. पेशंटला हात लावण्याआधी त्याचं नाव विचारा, हे तू आम्हा प्रत्येकाच्या डोक्यात कुटून कुटून भरलंस, आणि तुझ्या शोकसभेत तुझंच नाव चुकलं. कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही, कारण मला वाटलं, राहू दे, हे जिच्याबद्दल बोलताहेत ती कमलताईच असेल. आमची विमलअक्का वेगळी होती.

मग मोठे डॉक्टर बोलले. त्यांचा आवाज भरून आला, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढे जाहीर झालं की तुझ्या नावाने दरवर्षी रुग्णसुरक्षा पुरस्कार देणार. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या, अक्का. बाहेर पडताना दारातच कचोरीची पाकिटं ठेवली होती. मी बेसिनकडे गेलो. बेसिनच्या वर हात कसे धुवावेत त्याची चित्रं, चित्रांच्या वर डायरेक्टरसाहेबांचा हसरा फोटो, आणि खाली साबणाची बाटली रिकामी. मी तिथेच ओकलो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तरी ओकलो.

दुःख झालं की माणूस रडतो, हे मला माहीत होतं. दुःखाला अशी घाणेरडी चव असते, हे परवा कळलं.

मी पारोळ्याहून आलो तेव्हा नवखा होतो. धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजातून बाहेर पडलेला, पांढरा कडक शर्ट घातलेला, सगळं येतं असं समजणारा. पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्या बाईला, "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारून इंजेक्शन भरायला घेतलं. तू मागून आलीस, माझ्या हातातली सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवलीस आणि खाली वाकून त्या बाईला विचारलंस, "तुनं नाव काय शे, माय?" ती शांताबाईच होती. मी तुझ्याकडे, बघ, बरोबर होतं ना, अशा नजरेने पाहिलं. तू मला बाजूला घेतलंस आणि सांगितलंस की घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. खेड्यातलं, डोंगरातलं माणूस तर पांढऱ्या कपड्यांना नाही म्हणतच नाही. तू त्याला नाव सांगू नकोस, त्याला त्याचं नाव सांगू दे.

आपल्याकडे मोठ्या बहिणीला तू म्हणतात, म्हणून मी तुला तू म्हणू लागलो. ऑफिसातून एकदा निरोप आला होता की इन्चार्ज सिस्टरला अरे-तुरे शोभत नाही. तू त्यांना सांगितलंस की हा मला बहीण मानतो, तुम्ही काय मानता ते सांगा. त्यावर पुन्हा निरोप आला नाही.

कॅज्युअल्टीत तुझा आवाज कधी चढत नसे. खाटांचे कठडे वर आहेत का, हे तू येता-जाता हाताने चाचपून बघायचीस, जसं घरातल्या बाया झोपलेल्या पोराचं पांघरूण बघतात. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एका खणात ठेवल्या की तू त्या वेगळ्या करायचीस. स्टोअरवाला पुन्हा एकत्र ठेवायचा, तू पुन्हा वेगळ्या करायचीस. डॉक्टर चालता चालता तोंडी डोस सांगून जायचे, तर तू त्यांच्या मागे जाऊन तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचीस. एका तरुण डॉक्टरला याचा फार राग यायचा. एकदा त्याने स्वतःच सांगितलेला डोस तुझ्या तोंडून ऐकला आणि मागे फिरला. नंतर त्याने तो बदलला. तू हे कुणाला सांगितलं नाहीस. मी शेजारी होतो म्हणून मला माहीत.

या सगळ्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. माझ्या हातून इतक्या वर्षांत कुणी दगावलं नाही, त्यात तुझा वाटा किती आहे हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. पण आज मला आभारांपेक्षा भांडायचं जास्त आहे, आणि ते तू समजून घेशील.

भांडण सुरमीबाईंच्या दिवसापासूनचं आहे.

केळी काढणी चालली होती. चोपड्याकडे मजूर घेऊन जाणारी पिकअप उलटली आणि दुपारी आपल्याकडे एकदम माणसं आली. बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याच्या एकाच पाड्यावरची पावरा आदिवासी मंडळी. कुणाच्या अंगावर केळीचा चीक, कुणाच्या रक्त, दोन्ही वाळले की सारखेच काळे दिसतात. त्यात दोघी बायका एकाच वयाच्या, एकाच आडनावाच्या, आणि दोघींचं नाव सुरमीबाई. मनगटाला बांधायच्या नावाच्या पट्ट्या संपलेल्या होत्या. तू त्या कितीदा मागितल्या होत्यास, ते स्टोअरवाल्याला विचारावं.

तू एका सुरमीबाईला घेऊन स्कॅनला गेलीस. मी आणि आणखी एक सिस्टर खाली असतो तर पुढचं घडलं नसतं. पण आम्हाला तेवढ्यात वर बोलावून घेतलं. डायरेक्टरसाहेबांचे कुणी पाहुणे शेतातली भरीत पार्टी आटोपून आले होते आणि त्यांच्या छातीत जळजळत होतं. स्पेशल रूममध्ये त्यांच्याजवळ दोघं नर्स उभे पाहिजेत, असा हुकूम होता. मी खाली पेशंट आहेत म्हणून सांगून पाहिलं. व्यवस्थापक म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाहुण्यांनी ढेकर दिला, पाणी मागितलं, एसी कमी करायला सांगितला. आम्हाला कुणी सोडेना.

खाली अख्ख्या रांगेला एकटी निलिमा उरली. शिरपूरची पोरगी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तुझ्यासोबत स्कॅनला गेलेल्या सुरमीबाईसाठी ब्लड बँकेतून रक्ताची पिशवी आली. रक्त लावताना दोन नर्सनी मिळून नाव, गट, नंबर वाचायचा असतो, हे तिला पाठ होतं. तिने दोनदा हाका मारल्या, असं नंतर सुरमीबाईच्या नवऱ्याने सांगितलं. येणार कोण? मोठे डॉक्टर पलीकडून ओरडले की अजून लावलं नाही का. तेव्हा तिने खाटेवरच्या बाईला विचारलं, "तू सुरमीबाई ना?" बाईने मान हलवली. खोटं नव्हतं. ती सुरमीबाईच होती, फक्त दुसरी.

तू स्कॅनवरून परत आलीस आणि तुला ती बाई कंबर दाबून धरताना दिसली. तिला हुडहुडी भरली होती. तू आधी रक्त बंद केलंस, मग विचारलंस. सलाईन चालू केलं, डॉक्टरांना हाक मारली, पिशवी जपून बाजूला ठेवलीस. थोडंच रक्त गेलं होतं. बाई वाचली. चुकीचं रक्त गेलं की मूत्रपिंडाला धोका असतो, म्हणून काही दिवस तिच्या लघवीचा रंग तू रोज स्वतः जाऊन बघत होतीस. पण ती वाचली आणि पायाने चालत घरी गेली.

मोठे डॉक्टर त्या संध्याकाळी म्हणाले होते, "वाचली ना? मग विषय संपला." परवा चष्मा काढून डोळे पुसले ते हेच.

तू विषय संपू दिला नाहीस. निलिमा ड्रेसिंगरूममध्ये खाली बसून रडत होती. तू तिच्याजवळ बसलीस आणि तिला म्हणालीस की जे झालं ते जसंच्या तसं लिहून दे. एकटी होतीस हे लिही, पट्ट्या नव्हत्या हे लिही, कुणी बोलावून नेलं हे लिही. हॉस्पिटलनेच परिपत्रक काढलंय की चूक कळवणाऱ्याला शिक्षा नाही. लिहिलं तर उद्या दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही.

मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "अक्का, नको. तिला नको लिहायला लावू."

तू म्हणालीस, "लपवलेली चूक पुन्हा होते, भाऊ."

निलिमाने तुझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

तू एवढ्यावर थांबली नाहीस. सुरमीबाईच्या नवऱ्याला काही सांगायचं नाही, असं वरून आलं होतं. तू जाऊन त्याला सांगितलंस. मी सोबत होतो, कारण मला वाटलं तो अंगावर येईल. आला असता तर योग्यच होतं. तू साध्या शब्दांत सांगितलंस की तुझ्या बायकोला चुकून दुसरीचं रक्त लागलं, चूक आमची आहे, आम्ही थांबवलं, आता जपतोय. त्याने आधी बायकोकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "मग त्या दुसरीला काय लावणार? तिचं तर वाया गेलं."

अक्का, मी त्या दवाखान्यात कितीतरी शिकलेल्या माणसांची भाषणं ऐकली आहेत. त्या माणसाला त्या घडीला त्या दुसरीची काळजी पडली होती. दुसरीला नवं रक्त आणलंय, असं तू सांगितलंस तेव्हा त्याने मान हलवली आणि बायकोच्या पायाशी जाऊन बसला. तू बाहेर व्हरांड्यात आलीस आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. तुला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

पुढच्या आठवड्यात निलिमाला काढून टाकलं. चौकशीत तिचंच लिहिलेलं तिच्यासमोर ठेवलं आणि कबुली आहे म्हणाले. परिचारिकेचा निष्काळजीपणा, एवढाच निष्कर्ष. एकटी का होती, पट्ट्या का नव्हत्या, पाहुणे कोण होते, यातलं काहीही त्यात नव्हतं. तू व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेलीस, मीही मागे गेलो. तू त्यांना परिपत्रक दाखवलंस. त्यांनी तुला चहा मागवला. शांतपणे म्हणाले की सिस्टर, ते परिपत्रक तपासणीसाठी असतं.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. शरम नाही, राग नाही, आपण काय बोललो याची जाणीवसुद्धा नाही. त्याने बिस्किटाची बशी तुझ्याकडे सरकवली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की किळस ही घाणीची येत नाही. घाण आपण रोज हाताने काढतो. उलटी, पू, रक्त, सगळं काढतो, आणि हात धुऊन डबा खातो. किळस येते ती अशा स्वच्छ टेबलाची.

महिन्याभरात कॅज्युअल्टीत भिंतभर फ्लेक्स लागला. आधी ओळख, मग उपचार. बाजूला डायरेक्टरसाहेब हात जोडून उभे. मनगटाच्या पट्ट्या तेव्हाही आलेल्या नव्हत्या.

आणि तुला त्यांनी बढती दिली. गुणवत्ता विभाग, स्वतंत्र टेबल, खुर्चीला चाकं. कॅज्युअल्टीतून तुला उचललं आणि तोंड बंद करून वर नेऊन बसवलं. मला वाटलं तू नाही म्हणशील. तू घेतलीस. त्यावरून आपण कँटीनमध्ये भांडलो, तुला आठवत असेल. मी म्हणालो की निलिमाला रस्त्यावर आणून तुला खुर्ची मिळाली. हे मी बोललो आणि आजही ते मला पूर्ण खोटं वाटत नाही. तू शांतपणे पोहे संपवलेस आणि म्हणालीस की टेबल त्यांचं असलं तरी मी रोज खाली येणार. आलीस. रोज आलीस. तुझ्या मागे लागण्यामुळे शेवटी पट्ट्या आल्या, कुप्यांचे खण कायमचे वेगळे झाले. हे मी मान्य करतो. पण निलिमा परत आली नाही.

तपासणी पथक आलं तेव्हा त्यांनी जे केलं ते कुठल्या तोंडाने सांगू? नर्सिंग कॉलेजच्या पोरींना स्टाफचा ड्रेस घालून कॅज्युअल्टीत उभं केलं. प्रत्येक खाटेला एक. बिचाऱ्या पोरी, त्यांना सांगितलं होतं की हसत उभ्या राहा आणि काही विचारलं तर मोठ्या सिस्टरकडे बोट दाखवा. सगळीकडे साबण भरलेला, फरशी चकचकीत, आणि पेशंट निम्मे दुसरीकडे हलवलेले. तू पथकाच्या साहेबांसोबत फिरत होतीस. मी ट्रॉलीशी उभा होतो. साहेबांनी तुला विचारलं की सिस्टर, नेहमी इतका स्टाफ असतो का. व्यवस्थापक दोन पावलांवर होते. तू म्हणालीस, "नाही. या पोरी विद्यार्थिनी आहेत. उद्या इथे दोघीच असतील."

मला वाटलं आता काहीतरी होईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं विचारलं होतं आणि कुणीतरी खरं सांगितलं होतं.

साहेब हसले. चांगलं, मनमोकळं हसले. म्हणाले की ताई, सगळीकडे असंच असतं. आणि व्यवस्थापकांकडे वळून जेवणाला केळीचे वेफर्स आहेत ना, असं विचारलं. मग सगळ्यांचा फोटो निघाला. तोच फोटो, अक्का, परवा हार घातलेला. महिन्याने प्रमाणपत्र आलं, सोनेरी चौकटीत लागलं.

ते लागलं त्या दिवशी मी तुला विचारलं होतं की आता तरी पटलं का. तू म्हणालीस की मी माझं सांगितलं. माझा राग गेला नाही. सांगून काय झालं? एका पोरीची नोकरी गेली, तुला खुर्ची मिळाली आणि त्यांना प्रमाणपत्र. मी तेव्हापासून कॅज्युअल्टीत प्रत्येक नव्या नर्सला सांगत आलो की जपून काम कर, नाव विचार, दोनदा वाच, पण चुकलीस तर लिहू नकोस. तुला हे कळलं होतं. तू एकदा नुसतं म्हणालीस, तू माझ्या अर्ध्याच शिकवणीवर चालतोस. आपलं भांडण तिथेच अडकून राहिलं.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि तुझा धाकटा भाऊ, नाना, तुला धुळ्याला घेऊन गेला. मी सुटी असली की एसटीने यायचो. तू दर वेळी बारीक झालेली असायचीस. धुळ्याच्या त्या दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसलो होतो, तेव्हा एक नर्स ट्रे घेऊन आली. नाव विचारलं नाही, पट्टी बघितली नाही, तुझ्या सलाईनमध्ये इंजेक्शन सोडायला लागली. मी उठलो. तू माझा हात धरलास. तुझ्या हातात तेव्हा ताकद नव्हती, तरी धरलास. इंजेक्शन गेलं. ती नर्स पुढच्या खाटेकडे गेली.

मी तुझ्यावर चिडलो. इतका चिडलो की मला तुझीसुद्धा शिसारी आली, हे लिहायला जड जातंय, पण आली. ज्या गोष्टीसाठी तू आम्हाला फैलावर घेतलंस, एका पोरीचं आयुष्य उलटंपालटं होऊ दिलंस, ती गोष्ट तुझ्या स्वतःच्या अंगावर आली तेव्हा तू गप्प. मी विचारलं, असं का केलंस.

तू म्हणालीस, "ती एकली शे, भाऊ. सकाळपासून पाणी नही पिनी ती. तिले तू आते काय शिकाडशी?"

तिला आता काय शिकवशील. मी म्हणालो की चुकीचं औषध असतं तर? तू म्हणालीस की औषध कुठलं ते मी कुपीवर वाचलं होतं. आणि मग तू मला ते सांगितलंस, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतंस. तू निलिमाच्या घरी शिरपूरला जात होतीस. पहिल्यांदा तिच्या आईने पाणी दिलं, पण निलिमा बाहेर आली नाही. दुसऱ्यांदा ती दारात आली आणि एवढंच बोलली, "अक्का, मी दवाखान्यावर विश्वास ठेवला नव्हता. तुमच्यावर ठेवला होता."

हे सांगताना तुझा आवाज तुटला नाही. तू नुसती छताकडे बघत होतीस. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुझी चूक नव्हती, असं म्हणता आलं असतं. मला ते खरं वाटत नव्हतं, म्हणून म्हणालो नाही. आणि तुझी चूक होती, असंही म्हणालो नाही, कारण तेही खरं नव्हतं. मी तुझ्या तोंडाला थोडं पाणी लावलं. आपलं शेवटचं बोलणं ते. तू पुढे शुद्धीवर फारशी नव्हतीस.

निलिमा तुझ्या अंत्ययात्रेला आली होती. शिरपूरहून सकाळच्या गाडीने आली, नानाच्या अंगणात बायकांमध्ये बसली. आपल्या हॉस्पिटलकडून मोठं पुष्पचक्र आलं होतं, त्यावर हॉस्पिटलचं नाव लाल अक्षरात, तुझ्या नावापेक्षा मोठं. व्यवस्थापकांनी ते तुझ्या पायाशी ठेवून फोटो काढून घेतला आणि ते गाडीत जाऊन बसले. निलिमा उठली, ते पुष्पचक्र उचलून तिने उलटं करून ठेवलं, नाव खाली गेलं. मग ती तुझ्या पायाला हात लावून तिथेच बसून राहिली. मला तिच्याशी बोलायचं होतं. जाताना तिने मला विचारलं की शेवटी त्रास झाला का. मी झाला म्हणालो. ती हो म्हणून मान हलवत निघून गेली. ती सध्या एका लहान दवाखान्यात ड्रेसिंगला असते, असं नानाकडून कळलं.

हे सगळं परवापर्यंतचं. आता कालचं सांगतो.

काल सकाळपाळीत आपल्याकडे एक आजोबा आले, जामनेरकडचे, पायाला मोठी जखम. त्यांनी दारातल्या काउंटरवर सांगितलं होतं की त्यांना अमुक इंजेक्शन चालत नाही. काउंटरवरच्या माणसाने ऐकलं आणि ते तिथेच राहिलं. आत पूनम होती, नवी नर्स, तिच्या अंगावर एकाच वेळी चौघे. तिने नाव विचारलं, पट्टी बघितली, पण काय चालत नाही हे विचारायचं राहिलं. इंजेक्शन दिल्यावर आजोबांच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टर जवळच होते, लगेच उपाय झाला, तासाभरात आजोबा बरे दिसू लागले. त्यांच्या मुलाला कुणीतरी सांगून टाकलं की औषधाची गरमी आहे.

पूनम माझ्याकडे आली. तिने विचारलं, ब्रदर, हे कुणाला सांगायचं का?

मी इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं एकच उत्तर देत आलो, तो हा प्रश्न. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि मला परवाच्या शोकसभेतल्या टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, आत्ता नाही म्हणालो तर मीही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतलाच. पण हो म्हणून तिला लिहायला लावलं, तर पुन्हा एक निलिमा. तू यातून काय वाट काढली असतीस, अक्का, ते मला खरंच माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, असं मला आता वाटतं.

आधी मी आजोबांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं. पूनमला नेलं नाही. तुम्ही काउंटरवर सांगितलं होतं, ते आमच्यापर्यंत आलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, चूक आमची, गरमी-बिरमी काही नाही, असं सांगितलं. मुलगा भडकला. नको नको ते बोलला, माझी कॉलर धरली. सुरमीबाईचा नवरा जगात एकच असतो. मी ऐकून घेतलं. आजोबांनीच शेवटी मुलाला गप्प केलं आणि मला म्हणाले की आता कुठं तरी लिहून ठेव बाबा, मी पुढच्या वेळी बेशुद्ध असलो तर?

मग मी लिहिलं. पाळीचा इन्चार्ज मी, खाली सही माझी. किती पेशंट होते, किती नर्स होते, काउंटरवर सांगितलेलं आत पोचायची काहीच सोय नाही, हे सगळं लिहिलं. इंजेक्शन कुणी दिलं, ते लिहिलं नाही. पूनम म्हणाली की माझं नाव टाका, मी दिलंय. मी नको म्हणालो. तुझ्या मते ही लपवाछपवी असेल. माझ्या मते जी गोष्ट दुरुस्त करायची आहे, तिचं नाव पूनम नाही. हवं तर यावर भांड.

आज व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज गोड होता. परवाच्या कार्यक्रमाला छान सहकार्य केलंत, म्हणाले. मग विचारलं की त्या रिपोर्टमधली सिस्टर कोण. मी म्हणालो, इन्चार्ज मी होतो. ते म्हणाले, ते कळलं, पण सिस्टरचं नाव काय. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी सोमवारी केबिनमध्ये बोलावलं. बहुतेक चहा मागवतील, बिस्किटं सरकवतील.

अक्का, ते पुन्हा नाव विचारतील. मी सांगणार नाही.

तुझा,
रवी